गाडीतले तीन तांबे

२१ एप्रिल २०१६, गुरुवार. दुपारचे साडेचार. माझ्यापुढे काम एकच होतं – गाडीतलं पाणी काढायचं. पुढच्या डाव्या सीटवर बसणाऱ्याचे पाय जिथे येतात तिथलं. हातात एक जुना टॉवेल, एक टमरेल आणि डोक्यात राग. सलग पाचवा दिवस होता.

तारीख आणि साल पुन्हा एकदा वाचा. लातूर. एप्रिल २०१६. त्या उन्हाळ्यात आमच्या गावाला रेल्वेने पाणी येत होतं. नळाचा आवाज पोरं विसरली होती. आणि माझ्या गाडीत मात्र रोज पाणी साचत होतं!

भूत, करणी, भानामती यातलं मी काही मानत नाही. माझं माहेर शिरूर अनंतपाळचं. लहानपणी तिथे एका घरात कपडे आपोआप पेटतात म्हणून लोक लांबून बघायला यायचे. माझ्या वडिलांनी जाऊन एकच प्रश्न विचारला – घरात काडेपेटी कुणाकडे असते? दुसऱ्या दिवसापासून कपडे पेटायचे थांबले. मी त्या माणसाची मुलगी आहे. सकाळी लिंगपूजा करते, विभूती लावते आणि दुकानात बसते. देवाचं देवाला, बाकीचं मला.

आणि दुकान कशाचं, तर पाइप-फिटिंगचं. लातूर वेगळा जिल्हा झाला, कचेऱ्या आणि क्वार्टरं उठायला लागली, त्या वर्षी सासऱ्यांनी टाकलेलं. गल्ल्यावर गेली बावीस वर्षं मी बसते. लोक येतात, घाबऱ्या तोंडाने सांगतात, अक्का, भिंतीतनं पाणी झिरपायलंय, काही बाहेरचं तर नसेल? मी त्यांना एक एल्बो आणि टेप देऊन घरी पाठवते. गळती हा माझा धंदा आहे. पाणी कुठून तरी येतं, कुठल्या तरी फटीतून येतं, आणि ती फट सापडते. सापडतेच... असं मी तोवर मानत होते.

तर पाणी रविवारी पहिल्यांदा दिसलं. आमची गाडी जुनी, पांढरी, माझ्या मिस्टरांनी नांदेडहून सेकंडहँड आणलेली. मिस्टरांना सगळी गल्ली अप्पा म्हणते, म्हणून मीही इथे अप्पाच लिहिते. गाडी दुकानासमोर कडुलिंबाखाली उभी असते, आणि वर आमचं घर. रविवारी संध्याकाळी दार उघडलं, तर पायाखालचा गालिचा चिंब. मी अप्पांवर ओरडले, बाटली सांडली ना? अप्पा म्हणाले, "माझी बाटली वरी हाय. अन् भरलेली बाटली सांडण्याइतका मी येडा न्हाई या दिवसात."

टॉवेलने पिळून पिळून बादलीत काढलं. तीन तांबे भरले. सोमवारी दुपारी बाराला गाडी लावली तेव्हा कोरडी. चारला बघते तर पुन्हा तीन तांबे. मंगळवारी तसंच. रात्री नाही, सकाळी नाही. भर दुपारी, बारा ते चार, जेव्हा गाडीच्या टपावर पापड भाजावा असं ऊन असतं.

आता मी काय केलं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पाणी स्वच्छ होतं. मी साबण लावून पाहिला. आमच्या बोअरच्या पाण्यात साबण फुटतो, फेस होत नाही, भांड्यांवर पांढरा थर बसतो. टँकरचंही फारसं वेगळं नाही. या पाण्याला मात्र भसाभसा फेस. इतकं मऊ पाणी मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. प्यायला अर्थातच घेतलं नाही – कुठलं कोण जाणे. पण फेकणार कोण? तीन दिवस मोरीला आणि भांड्यांना वापरलं. आणि बुधवारी, कुणाला काही न सांगता, त्यात केस धुतले.

ज्यांनी तो उन्हाळा लातुरात काढला नाही, त्यांना यात काय विशेष असं वाटेल. आमच्या गल्लीत कुणाही बाईने दहा-दहा दिवस डोक्यावरून पाणी घेतलेलं नव्हतं.

आणि गल्लीतल्या पाण्याच्या पाळ्या मी ठरवत होते.

आधी टँकर यायचा, गल्लीच्या तोंडाशी बिराजदारांचं घर, त्यांचा जमिनीतला हौद. पाइप पहिल्यांदा तिथे पडायचा आणि तिथेच निम्मा टँकर संपायचा. खालच्या टोकाची पाच-सहा घरं कोरडी. शेवटचं, बावीस नंबरचं घर विमलचं; तिच्या घरी बाळंतीण मुलगी होती. एकदा ती रिकाम्या ड्रमाशेजारी उभी राहून नुसती टँकरच्या मागच्या बाजूकडे बघत राहिली. त्या दिवशी मी दुकानातला ऑइलपेंट काढला, सगळ्या ड्रमांवर नंबर टाकले आणि शटरवर खडूने पाळी लिहिली. एक फेरी वरून सुरू, पुढची फेरी खालून सुरू. हौदात पाइप नाही, घरटी एक ड्रम. बिराजदारांना ते आवडलं नव्हतंच. पण खडू माझ्या हातात होता, आणि लोकांचा विश्वास होता की ही बाई स्वतःसाठी थेंब जास्त घेणार नाही.

तर गुरुवार. समोरच्या हातपंपावर सात-आठ बायका घागरी लावून बसलेल्या. पंप तासाला दोन घागरी द्यायचा. मी गाडीचं डावं दार उघडलं, आणि आज गालिचा मी आधीच काढून ठेवलेला असल्यामुळे पाणी अडायला काही नव्हतं. ते उंबऱ्यावरून सरळ रस्त्यावर पडलं. भदकन.

सगळ्यांच्या माना वळल्या.

"अक्का," बिराजदारांची सून म्हणाली, "तुमच्या गाडीतून पाणी पडायलंय की!"

"दिसतंय मला," मी म्हणाले. "गळतंय कुठून तरी."

"पाऊस कवा पडला म्हणायचा?"

एकदोघी हसल्या. विमल हसली नाही. ती उठून जवळ आली, ओल्या मातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हळूच म्हणाली, "काल तुझे केस ओले होते. मला वाटलं घामानं असतील. तू गाडीतनं पाणी आणायलीस, अक्का?"

मी बिराजदारांच्या सुनेला दहा उत्तरं दिली असती. विमलला देता येईना. कारण पाणी मी आणलेलं नव्हतं, पण केस धुतलेले होते.

संध्याकाळी बिराजदार स्वतः दुकानात आले. अगदी गोड बोलले. "आम्ही काही म्हणत न्हाई अक्का. पण गल्ली म्हणायलीय. रविवारी टँकर येणार. तोवर कुठून गळतं ते दाखवा. न्हाई तर खडू माझ्याकडं द्या, मी बघतो पाळी."

त्यांनी पाळी बघितली म्हणजे काय होतं ते मला ठाऊक होतं. खालची सहा घरं कोरडी. हातात दोन दिवस.

शुक्रवारी सकाळी गाडी मुनीरभाईच्या गॅरेजला नेली. मुनीरभाई आमच्या गाड्या पंधरा वर्षं बघतोय. त्याने वाकून पाहिलं, बोट लावलं, वास घेतला.

"एसी का पाइप जाम हुआ होगा अक्का. गाडी में पानी बोले तो पैला वोईच."

"एसीचा गॅस जाऊन दोन उन्हाळे झाले, मुनीरभाई. पंख्याची नुसती गरम हवा येते."

"फिर हीटर."

"हीटर? लातुरात? एप्रिलमध्ये?"

"चलाना नै पडता अक्का. पाइप तो रैताच ना."

बरोबर होतं त्याचं. इंजिनातलं गरम पाणी डॅशबोर्डच्या मागे असलेल्या हीटरपर्यंत खेळतं. तिथे गळालं तर थेट डाव्या पायाशी उतरतं. पण ते पाणी हिरवट आणि बोटाला तेलकट लागतं. हे तसं नव्हतं. तरी त्याने इंजिनातल्या डबीवर पाण्याच्या पातळीची खूण केली, हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप सोडवून एकमेकांना जोडून टाकले. आता हीटरकडे थेंब जायची सोय नाही. एसीच्या निचऱ्याच्या नळीत कंप्रेसरने हवा मारली. आतून धूळ आणि एक वाळलेला रातकिडा निघाला. दाराचं आतलं कव्हर काढलं, त्यामागचा प्लॅस्टिकचा कागद शाबूत. बॉनेटच्या मागच्या जाळीत कडुलिंबाचा पाला अडकलेला, तो काढला. मी आत बसले, त्याने चादर टाकून अंधार केला आणि बाहेरून काचेच्या रबरावर बॅटरी फिरवली. कुठूनही उजेड आत आला नाही.

"एक बकेट पानी दो," तो म्हणाला, "काच पे डालके देखता, कहाँ से घुसता."

मी कोपऱ्यातल्या त्याच्या कोरड्या बादलीकडे बोट दाखवलं.

"हाव, हाव," तो म्हणाला. "पानी होता तो क्या रोना था."

गळती शोधायला पाणी लागतं, आणि पाणी नाही म्हणून तर गळतीवरून भांडण. या प्रकाराची मला इतकी चीड आली की मी तिथेच जुन्या टायरवर बसले. दुपारी एक वाजला होता. गाडी गॅरेजच्या पत्र्याखाली, दारं बंद, आम्ही दोघं समोर. चारला मुनीरभाईने दार उघडलं. डबीवरची खूण जिथल्या तिथे. गाडीच्या तळाचा पत्रा एवढा तापलेला की हात ठेववेना. आणि त्या पत्र्यावर पाणी – माठातल्यासारखं गार.

"अक्का," तो म्हणाला, "ये मेरे लाइन का काम नै."

घरी येऊन मी गाडीच्या जुन्या मालकाला फोन लावला. इस्लापूरकडचे एक शिक्षक. विचारलं, सर, तुमच्याकडे होती तेव्हा गाडी आत गळायची का?

"छे हो, मॅडम! पावसाळ्यात सहस्रकुंडाच्या धबधब्यापाशी उभी केली होती, तुषार उडून राहिले होते टपावर, आत टिपूस नाही आला. का हो, काय होऊन राहिलं?"

मी म्हणाले, काही नाही. अप्पा बाजूला बसून ऐकत होते. म्हणाले, "त्या वक्ताचं आता उतरत असल."

"तुम्ही गप्प बसा," मी म्हणाले.

शनिवारी मी ठरवलं, शोधणं मुनीरभाईला जमलं नाही, तर निदान दाखवणं मला जमेल. अकरा वाजता सगळ्या गल्लीला बोलावलं. बिराजदार आले, सून आली, विमल आली, मुनीरभाईलाही बोलावून घेतलं. आधी उभ्या उभ्या सांगितलं, की पाणी सहा दिवस येतंय, मी ते वापरलं, बुधवारी केस धुतले, आणि कुणाला सांगितलं नाही. हे सांगताना मान खाली गेली नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल.

मग सर्वांसमोर गाडीतलं सगळं काढलं. गालिचा, त्याखालचा फोम, डावी सीटसुद्धा. पत्रा कोरडा पुसला आणि त्यावर चाळणीने रांगोळी चाळली. साधी पांढरी रांगोळी, पाच किलो. दाराच्या कडेने, डॅशबोर्डच्या खाली, मागच्या सीटच्या पायाशी, सगळीकडे एकसारखा थर. त्यावर कडेकडेने बोटाने एक रेघ ओढली, पूर्ण चौकट. ही युक्ती मी गिऱ्हाइकांना सांगते. पाणी कुठूनही येऊ दे, वाहत येईल तिथली रांगोळी काळी पडणार, रेघ मोडणार. पाण्याला पाय असतात, ते ठसे सोडतं.

काचा वर केल्या, दारं लावली, कुलूप केलं आणि किल्ली विमलच्या हातात दिली. "तू ठेव."

विमलने ती पदराच्या टोकाला बांधली आणि टोक कमरेला खोचलं.

बारा ते चार आम्ही चौदा माणसं दुकानाच्या पायरीवर आणि झाडाखाली बसलो. गाडी पाच पावलांवर. कुणी तिच्याजवळ गेलं नाही. अप्पांनी उदगीर जिल्हा होणार की नाही यावर वाद काढला, तो नेहमीप्रमाणे कुठेच पोचला नाही. विमलची मुलगी बाळाला घेऊन थोडा वेळ आली. बिराजदार दोनदा घड्याळ बघून म्हणाले, "आज न्हाई यायचं. सगळ्यांसमोर कसं येईल?" खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं. आज नाही आलं तर माझं काय होणार याचाच मी विचार करत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी गळावं म्हणून वाट बघत होते.

चारला विमलने कुलूप काढलं.

रांगोळी पांढरीशुभ्र. चौकटीची रेघ चारी बाजूंनी अखंड, माझ्या बोटाची जाडी तशीच्या तशी. डॅशबोर्डखाली कोरडं, दाराच्या कडेला कोरडं, वरून टपकल्याचा एक ठिपका नाही. आणि मधोमध, चौकटीच्या आत, पाणी. नितळ. तळाला रांगोळी बसलेली, वर पाणी. साधारण तीन तांबे.

मुनीरभाई पुटपुटत दोन पावलं मागे झाला. बिराजदारांची सून म्हणाली, "गंगा!" आणि कुणीतरी हात जोडले. मी काही म्हणायच्या आत बिराजदारांनी स्वतः घरून विभूती आणली आणि माझ्या बॉनेटवर तीन बोटांच्या रेघा ओढल्या. बायका वाट्या घेऊन धावल्या. रांगोळी मिसळलेलं ते पाणी तीर्थ म्हणून जाऊ लागलं.

"अहो, त्याच पाण्यानं मी मोरी धुतली!" मी ओरडले. "पोटात घेऊ नका, कुठलं आहे माहीत नाही!"

कुणी ऐकलं नाही. चोर म्हणत होते ते परवडलं असतं, असं क्षणभर वाटलं मला. मी पदराने बॉनेट पुसलं. मागून दुसऱ्या कुणी पुन्हा विभूती लावली.

विमलने वाटी आणली नव्हती. तिने वाकून बोटं बुडवली, ती मानेवरून फिरवली. "गार हाय की गं," म्हणाली. मग किल्ली पदरातून सोडून माझ्या हातात ठेवली.

"खडू तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे, अक्का. तू आणलं न्हाईस, ते बघितलं म्या." जायला वळली, आणि वळता वळता म्हणाली, "पण केस धुतलीस, ते मला पटलं न्हाई. माझी लेक बाळंतीण हाय."

हे मला त्या पाण्यापेक्षा जास्त लागलं.

त्या शनिवारनंतर गाडीत पाणी आलं नाही. एकदाही नाही. पुढे पावसाळा झाला, आणि त्या साली असा झाला की लोकांनी पुरे म्हणावं. गाडी कडुलिंबाखालीच, उघड्यावर, तीन महिने भिजली. मी रोज दार उघडून हात लावायचे – आत ठणठणीत कोरडं. मुनीरभाईने हीटरचे पाइप नंतर पुन्हा होते तसे जोडले. मी अनेकांना विचारलं, अभियांत्रिकी शिकवणाऱ्या एका ओळखीच्या सरांनाही. ते म्हणाले, हवेतल्या वाफेचं पत्र्यावर पाणी झालं असेल. मी विचारलं, तापलेल्या पत्र्यावर? लातूरच्या एप्रिलमधल्या कोरड्या हवेतून? तीन तांबे? ते म्हणाले, मग माहीत नाही. निदान प्रामाणिक होते. मला आजही माहीत नाही. भानामती मी अजून मानत नाही, आणि फटही सापडलेली नाही. या दोन्ही गोष्टी घेऊन मी दुकानात बसते.

पण रविवार सकाळचं सांगायचं राहिलं.

पहाटेच उठले. दुकानातला मोजायचा टेप घेतला, माझ्या ड्रमाचा घेर मोजला, उंची मोजली. सहा दिवसांचे अठरा तांबे. गुरुवारचं रस्त्यावर सांडलं होतं, पण तेही माझ्याच नावावर धरलं. शनिवारचं लोकांनी नेलं, ते धरलं नाही. अठरा तांबे म्हणजे ड्रमात वरून चार बोटं आणि थोडं. केस धुतल्याचं आणखी एक बोट मी माझ्या मनाने वाढवलं. तिथे खडूने आडवी रेघ ओढली.

आठला टँकर आला. त्या दिवशी पाळी वरून सुरू होती. बिराजदारांचा एक नंबरचा ड्रम भरला, मग दोन नंबर, मग तीन नंबर. चार नंबर माझा. सगळी गल्ली दारात उभी होती, कालच्यापेक्षा दबून. टँकरवाल्याने पाइप ड्रमात सोडला. पाणी रेघेला लागल्यावर मी पाइप उचलला.

"अजून भरला न्हाई की बाई," तो म्हणाला.

"तेवढं मला आधीच मिळालंय."

"कुठून?"

"पुढं चल," मी म्हणाले, आणि पाइप पाच नंबरच्या ड्रमात टाकला. मग शेवटपर्यंत त्याच्यासोबत चालत गेले, आणि बावीस नंबरचा ड्रम काठापर्यंत भरून पाणी बाहेर सांडेस्तोवर विमलच्या दारात उभी राहिले.